नक्कल करणारं पान घाईत टाकू नका

पिंपळगाव राजातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या, मोबाइलवर हार्थस्टोन खेळणाऱ्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या आईवडिलांशीही शेवटी दोन शब्द बोलायचे आहेत. विषय एकच: बोर्डावर उभ्या असलेल्या मिनियनची हुबेहूब नक्कल करणारं पान कधी टाकायचं आणि कधी हातात धरून बसायचं.

आपल्याकडे पत्ते काही नवे नाहीत. लग्नघरी रात्री मेंढीकोट रंगतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत बदाम सात आणि लॅडीज चालतात. कोणतं पान गेलं, कोणाकडे काय उरलं असेल, हुकूम कधी काढायचा, हे आपल्या पोट्ट्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पण तीच पोरं मोबाइलवर खेळायला बसली की हात सुटतो. चौथ्या पाळीत चार मॅना झाले, हातात चार मॅनाचं नक्कल करणारं पान आहे, समोर आपला कसलातरी मिनियन उभा आहे, की टाकलं पान. बोर्डावर दोन मिनियन दिसले की बरं वाटतं. पुढच्याच पाळीत समोरचा दोन्ही उडवतो आणि जिंकून देणारं पान वाया गेलेलं असतं. हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्थस्टोन हा ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा खेळ. तो मार्च २०१४ मध्ये संगणकावर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये फोनवर. समोरासमोर दोघेच भिडतात. प्रत्येकाचा आपापला तीस पानांचा डेक आणि तीस जीव. पान टाकायला मॅना लागतो. पहिल्या पाळीत एक मिळतो, मग दर पाळीला एकेक वाढत दहापर्यंत जातो. बोर्डावर आपले सातच मिनियन मावतात, हातात दहाच पानं राहतात. समोरच्याचे तीस जीव संपवले की डाव आपला.

यात नक्कल करणारी पानं पहिल्यापासून आहेत. खरं तर ही कल्पना त्याहून जुनी. मॅजिक द गॅदरिंग हा कागदी पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये निघाला, त्याच्या पहिल्याच संचात क्लोन नावाचं पान होतं. हार्थस्टोनमध्ये मेज या वर्गाला एप्रिल २०१७ च्या अनगोरो संचात मोल्टन रिफ्लेक्शन मिळालं. चार मॅना द्या, आपला एक मिनियन निवडा, त्याच्या शेजारी तसाच दुसरा उभा राहतो. हे पान आता वाइल्ड प्रकारात चालतं. स्टँडर्डमध्ये दर काही महिन्यांनी पानं बदलत राहतात, पण नक्कल करणारं काहीतरी बहुतेक वेळा असतंच. म्हणून खाली जे सांगतो आहे ते एका पानापुरतं समजू नका.

नक्कल करणाऱ्या पानाला स्वतःची ताकद नसते, हे आधी मनात पक्कं करा. फायरबॉल टाकला की सहा जीव जातात, बोर्डावर काहीही असो. मोल्टन रिफ्लेक्शनचं तसं नाही. रमीत जोकर जसा शेजारच्या पानांमुळे मोल पावतो, तसंच हे. शेजारी एक मॅनाचा किरकोळ मिनियन असेल तर तुम्ही चार मॅना देऊन एक मॅनाची वस्तू घेतली. आठ मॅनाचा असेल तर चार देऊन आठची घेतली. दोन्ही वेळा पान तेच होतं.

आता हिशेब करा. मॅना जास्तीत जास्त दहा. त्यातले चार रिफ्लेक्शनला गेले की सहा उरतात. म्हणजे मूळ मिनियन आणि त्याची नक्कल एकाच पाळीत आणायची असेल, तर मूळ मिनियन सहा मॅनापर्यंतचाच हवा. सातचा, आठचा, नऊचा असेल तर तो या पाळीत उतरेल आणि नक्कल पुढच्या पाळीत. मधल्या वेळात समोरच्याला एक पूर्ण पाळी मिळते. महागड्या मिनियनला समोरचा जिवंत सोडत नाही, आणि तुम्ही नक्कल करायला याल तेव्हा मूळच नसतं. म्हणून डेक लावतानाच ठरवा, नक्कल कशाची करणार. ठरवलेला मिनियन सहाच्या वर असेल तर तो एक पाळी कसा जगणार, किंवा खर्च कसा कमी होणार, हेही तेव्हाच ठरवा. मंत्र एक मॅनाने स्वस्त करणारी सॉर्सरर्स अप्रेंटिस आधीपासून बोर्डावर असली तर रिफ्लेक्शन तीन मॅनात पडतं, मग सातचा आर्कमेज अँटोनिडास आणि त्याची नक्कल मिळून बरोबर दहा होतात. असा हिशेब डेक लावताना कागदावर मांडून ठेवा. पाळीचा वेळ पंचाहत्तर सेकंद असतो, तेवढ्यात डोकं घाबरतं.

क्रमाकडे तर फारच कमी लोक लक्ष देतात. बोर्डावर उभ्या मिनियनची नक्कल होते तेव्हा तो त्या क्षणी जसा आहे तसाच दुसरा होतो. त्याला मिळालेली वाढीव ताकद नकलेत येते, तशी त्याला झालेली जखमही येते. तुमच्या बोर्डावर वॉटर एलिमेंटल आहे असं समजा. चार मॅनाचा, ताकद तीन, जीव सहा. समोर ताकद चार असलेला मिनियन आहे. तुम्ही एलिमेंटलने आधी हल्ला केला, त्याला चारचा मार बसला, जीव उरले दोन. मग रिफ्लेक्शन टाकलं. आता तुमच्याकडे दोन अधमेले एलिमेंटल आहेत, दोन जीवांचे. समोर पॅलाडिन असेल तर त्याचं कॉन्सिक्रेशन तुमच्या सगळ्यांना दोनचा मार देतं, दोघेही जातात. तेच आधी नक्कल करून मग मूळ एलिमेंटलने हल्ला केला असता, तर एक दोन जीवांचा आणि एक पूर्ण सहा जीवांचा राहिला असता. पानं तीच, मॅना तेवढाच, पण एक मिनियन वाचला. म्हणून आधी ताकद वाढवा, मग नक्कल करा, मग हल्ला करा. हा क्रम तोंडपाठ करा.

वाढीव ताकद नकलेत येते याचा फायदा किती मोठा असतो ते २०१४ च्या खेळाडूंनी दाखवून दिलं. तेव्हा वॉरलॉककडे एक जोडणी होती. लीरॉय जेंकिन्स हा चार मॅनाचा, सहा ताकदीचा मिनियन. टाकल्या टाकल्या हल्ला करणारा. त्याच्यावर एक मॅनाचं पॉवर ओव्हरव्हेल्मिंग टाकलं की ताकद दहा. मग पाच मॅनाचा फेसलेस मॅनिप्युलेटर, जो समोर दिसणाऱ्या कोणत्याही मिनियनची नक्कल बनतो. तोही दहा ताकदीचा लीरॉय होऊन लगेच हल्ला करतो. चार, एक आणि पाच मिळून दहा मॅना, आणि एका पाळीत वीस जीव साफ. समोरच्याचे जीव आधीच वीसवर आलेले असले तर त्याला पुन्हा पाळीच मिळत नसे. त्याच वर्षी कंपनीने लीरॉयचा खर्च पाच केला आणि सरळ दहात बसणारी जोडणी मोडली. यातून दोन गोष्टी समजून घ्या. आधी ताकद, मग नक्कल, हा क्रम उलटा झाला असता तर वीसचे सोळाच झाले असते. आणि कंपनी पानं बदलते, म्हणून जुना व्हिडिओ पाहून डेक लावण्याआधी खेळात जाऊन पानाचा आजचा खर्च वाचा.

नक्कल कोणाची करावी, याबाबत बहुतेकांची नजर ताकद आणि जीव या दोन आकड्यांवरच जाते. सगळ्यात मोठा मिनियन दिसला की त्याची नक्कल. मला हे पटत नाही. नुसता मोठा देह दुप्पट करून काय मिळतं? नकलेला त्या पाळीत हल्ला करता येत नाही, चार्ज किंवा रश असेल तर गोष्ट वेगळी. तोवर समोरचा ट्विस्टिंग नेदर टाकून सगळा बोर्ड पुसतो. आठ मॅनात त्याने तुमचे दोन्ही उचलले, तुमची दोन पानं गेली, त्याचं एक.

नक्कल करा गुणाची. बोर्डावर असेपर्यंत चालू राहणारा गुण दोनदा लागू होतो. अप्रेंटिस एक असेल तर मंत्र एक मॅनाने स्वस्त, दोन असतील तर दोनने. मॅलिगॉस मंत्राचा मार पाचने वाढवतो, दोन मॅलिगॉस दहाने. पाळी संपताना चालणारा गुणही नक्कल करण्यासारखा, कारण त्याला पुढच्या पाळीची वाट पाहावी लागत नाही. रॅगनारोस हा आठ मॅनाचा, स्वतः हल्ला न करणारा, पण पाळी संपली की समोरच्या कोणालातरी आठचा मार देणारा. समोरच्याने रॅगनारोस उतरवला की घाबरून त्याला मारायला सगळी पानं खर्चू नका. हातात फेसलेस असेल तर पाच मॅनात त्याचीच नक्कल करा, तुमची पाळी संपताच तुमचा रॅगनारोस आठचा मार देतो. आठची वस्तू पाचला, तीही समोरच्याने आणून दिलेली.

मेल्यावर काहीतरी देऊन जाणारा मिनियन, ज्याला आपण डेथरॅटलवाला म्हणतो, तोही चांगला. केर्न ब्लडहूफ मेला की त्याच्या जागी बेन उभा राहतो. त्याची नक्कल केली आणि समोरच्याने बोर्ड पुसला, तरी दोन बेन उरतात. याउलट बॅटलक्राय असलेला मिनियन. बॅटलक्राय हातातून पान टाकतानाच चालतो. बोर्डावर नक्कल उभी राहिली की तो पुन्हा चालत नाही. नवे खेळाडू इथे हमखास फसतात.

बॅटलक्राय पुन्हा हवा असेल तर नक्कल हातात देणारी पानं आहेत. डिसेंबर २०१४ च्या गॉब्लिन्स व्हर्सेस नोम्स संचातलं इको ऑफ मेडिव्ह हे चार मॅनाचं पान तुमच्या बोर्डावरच्या प्रत्येक मिनियनची एकेक नक्कल हातात देतं. हातात आलेली नक्कल कोरी असते. जखम नाही, वाढीव ताकदही नाही. त्या काळच्या मेज खेळाडूंनी यावर एक सुरेख डेक बांधला होता. मोल्टन जायंट हा आठ ताकद, आठ जीवाचा राक्षस तेव्हा वीस मॅनाचा होता, पण आपला जितका जीव गेला असेल तितका तो स्वस्त होई. वीस जीव गेले की फुकट. खेळाडू मुद्दाम मार खात दहा जीवांपर्यंत येत, दोन जायंट फुकट उतरवत, मग चार मॅना देऊन इको टाकत. हातात आणखी दोन जायंट, तेही फुकट, लगेच बोर्डावर. शेजारी दोन मॅनाचा सनफ्युरी प्रोटेक्टर ठेवून दोघांना टॉन्ट दिलं, म्हणजे आधी त्यांनाच मारावं लागतं, की समोरच्याला पुढे जायची वाटच नाही. चार मॅनात सोळा ताकद, सोळा जीव मिळवून देणारं हे पान आठव्या-नवव्या पाळीपर्यंत हातात धरून ठेवायला जिगर लागे. दहा जीवांवर उभं राहून पान न टाकणं सोपं नाही. पण त्या डेकचं सगळं सामर्थ्य त्या थांबण्यातच होतं. हात दहा पानांनी भरलेला असेल तर इको टाकू नका, जागा नसलेल्या नकला मिळतच नाहीत.

डुप्लिकेट हे तीन मॅनाचं सीक्रेट जरा वेगळं. आपला मिनियन मेला की त्याच्या दोन नकला हातात. २०१४ च्या नॅक्सरामासमधलं हे पान लोक स्लज बेल्चरसोबत खेळत. यात निवड समोरच्याच्या हातात असते, आणि शहाणा खेळाडू तुमचा सगळ्यात फालतू मिनियन आधी मारतो. म्हणून डुप्लिकेट लावताना बोर्डावर हवा तो एकच मिनियन ठेवा.

आता मोल्टन रिफ्लेक्शनचा सगळ्यात नावाजलेला डाव सांगतो. खेळाडू त्याला एक्झोडिया मेज म्हणत. अनगोरोमध्ये मेजला ओपन द वेगेट हे क्वेस्ट मिळालं. तेव्हा डेकमध्ये सुरुवातीला नसलेले सहा मंत्र टाकले की बक्षीस म्हणून टाइम वॉर्प, म्हणजे एक जादा पाळी. मग एके पाळीत दोन अप्रेंटिस उतरवायच्या: तेव्हाच्या खर्चाने दोन आणि दोन, चार मॅना. पहिलं रिफ्लेक्शन आता चारऐवजी दोनला, अप्रेंटिस झाल्या तीन. दुसरं रिफ्लेक्शन एकला, अप्रेंटिस चार. सात मॅना गेले. पाच मॅनाचं टाइम वॉर्प चार अप्रेंटिसमुळे एकला. एकूण आठ. समोरच्याला पाळी न मिळता पुन्हा तुमची पाळी, दहा मॅना ताजे. सात मॅनाचा अँटोनिडास उतरवा. हा प्रत्येक मंत्रामागे एक फायरबॉल देतो. कोणताही छोटा मंत्र टाका, फायरबॉल मिळाला. चारचा फायरबॉल आता फुकट. तो टाकला की दुसरा फायरबॉल. सहाचा मार, पुन्हा सहाचा, पुन्हा सहाचा. पाच फायरबॉलमध्ये तीस जीव.

हा डाव उताऱ्यासारखा पाठ करू नका, त्यातलं गणित पाहा. दोन्ही अप्रेंटिस आधी उतरवून मग दोन्ही रिफ्लेक्शन टाकली तर सात मॅना लागत. एक अप्रेंटिस, मग रिफ्लेक्शन, मग दुसरी अप्रेंटिस, मग रिफ्लेक्शन, असं केलं तर दोन, तीन, दोन, एक, म्हणजे आठ. तीच चार पानं, नुसता क्रम बदलला आणि एक मॅना जास्त गेला. एखाद्या डावात तोच एक मॅना कमी पडतो. आणि दोन अप्रेंटिस, दोन रिफ्लेक्शन, टाइम वॉर्प, अँटोनिडास आणि एक छोटा मंत्र, अशी सात पानं हातात जमेपर्यंत दहापैकी तीनच जागा इकडचं तिकडचं करायला उरतात. मधेच घाबरून एक रिफ्लेक्शन एखाद्या किरकोळ मिनियनवर टाकलं की सगळा डाव गेला. म्हणून म्हणतो, धरून ठेवा.

मग कधीच घाईने टाकू नये का? तसंही नाही. समोरचा अंगावर आला आहे, तुम्ही पुढच्या पाळीत मरणार आहात, आणि टॉन्टवाल्या मिनियनची नक्कल केल्याने एक पाळी वाचते, तर टाका. पान हातात ठेवून हरण्यात काही शहाणपण नाही. जगण्यासाठी टाकलेलं पान आणि मॅना शिल्लक आहे म्हणून टाकलेलं पान यांतला फरक तुम्हालाच ओळखायचा आहे. मला विचाराल तर पान टाकण्याआधी एवढं तपासा: समोरच्याकडे पुढच्या पाळीत किती मॅना असेल आणि तेवढ्यात बोर्ड पुसणारं कोणतं पान त्याच्या वर्गाकडे आहे. सात मॅना झालेला मेज फ्लेमस्ट्राइक टाकू शकतो, हे गृहीत धरूनच चाला. त्याने तो आधीच टाकला असेल तर मोजा, डेकमध्ये एका पानाच्या दोनच प्रती असतात.

समोरच्याच्या नकलेपासूनही सांभाळायचं असतं. मेजने तीन मॅनाचं सीक्रेट लावलं की ते मिरर एंटिटी असू शकतं, म्हणजे तुम्ही पुढचा जो मिनियन टाकाल त्याची नक्कल त्याच्याकडे. अशा वेळी हातातला सगळ्यात छोटा मिनियन आधी टाका. तेवढं एक मॅनाचं पान खर्च झालं तरी चालेल, आठ मॅनाचा मिनियन त्याला फुकट देऊ नका. जे मॅजिकचा अरीना प्रकार खेळतात त्यांनी लक्षात ठेवावं की तिथे लेजंडरी प्राण्याची स्वतःच नक्कल केली तर दोघांतला एकच बोर्डावर राहतो. हार्थस्टोनमध्ये तसा नियम नाही.

आपल्या भागापुरती एक अडचण वेगळी आहे. पुण्या-मुंबईच्या पोरांना ती नसते. रेंज जाते, लाइट जाते. पाळीचे सेकंद तुमच्या नेटची वाट पाहत नाहीत. लांबलचक जोडणी करायची असेल आणि मधेच नेट तुटलं तर अर्धी पानं पडलेली, अर्धी हातात, आणि पाळी समोरच्याकडे. म्हणून पानांचा क्रम समोरच्याच्या पाळीतच मनात जुळवून ठेवा, आपली पाळी येताच सरळ टाकत चला. मोठा डाव घराच्या ज्या कोपऱ्यात रेंज धरते तिथे बसूनच खेळा. चालत्या एसटीत कॉम्बो डेक उघडू नका.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे. हा खेळ फुकट खेळता येतो. नको असलेली पानं मोडून डस्ट मिळते आणि डस्टमधून हवं ते पान बनवता येतं. पण मोडताना मिळतं थोडं आणि बनवताना लागतं खूप. एपिक पान बनवायला ४०० डस्ट, तेच मोडलं तर १०० मिळते. लेजंडरीला १६००, मोडल्यावर ४००. म्हणून नवीन खेळाडूने पहिली डस्ट नक्कल करणाऱ्या पानावर घालू नये. आधी नक्कल करण्यासारखे मिनियन जमवा, बोर्ड सांभाळणारी साधी पानं जमवा. नक्कल सगळ्यात शेवटी. आणि पानांच्या पाकिटांसाठी घरच्या पैशाला हात लावू नका. शेतात सोयाबीन उभं असताना घरात एकेक रुपया कसा मोजला जातो ते तुम्हाला माहीत आहे.

सराव कसा करायचा? रँक्ड डावात पहिल्यांदाच नवीन जोडणी टाकू नका. आधी संगणकाविरुद्ध खेळून क्रम हाताला बसवा. मग मित्राला फ्रेंड यादीत घ्या आणि आपसात खेळा. एकाने नक्कल करणारा डेक घ्यावा, दुसऱ्याने बोर्ड पुसणारा. पाच-सहा डावांनंतर डेक बदला. पुसणाऱ्याच्या जागी बसल्यावर कळतं की समोरच्याच्या कोणत्या नकलेची खरी भीती वाटते आणि कोणती हसत हसत उडवता येते. हे कोणताही व्हिडिओ शिकवत नाही. प्रत्येक डावानंतर दोघांनी मिळून एवढंच बोला: नक्कल कोणत्या पाळीत टाकली, कशाची केली, एक पाळी थांबलो असतो तर काय झालं असतं.

आता आईवडिलांसाठी. पोरगं मोबाइलवर पत्ते खेळतंय म्हटलं की तुमच्या मनात पैशाची रमी येते, आणि ती भीती खोटी नाही. त्या रमीने घरं बुडाली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आहे. हार्थस्टोनमध्ये पैज लागत नाही, जिंकलं म्हणून रोख रक्कम मिळत नाही, हरलं म्हणून जात नाही. तेव्हा पोराला रागावण्याआधी त्याच्या शेजारी बसा, काय खेळतोय ते विचारा, डावात पैसे लागतात का तेवढं पाहून घ्या. कोणी अनोळखी माणूस पैसे लावून खेळायला किंवा खातं विकायला सांगत असेल तर तिथेच थांबवा.

या खेळात आपल्या देशाचं नावही झालं आहे. २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय म्हणून होते, आणि हार्थस्टोनमध्ये कच्छमधल्या भूजच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवलं. भूज काही मुंबई नाही. २०२३ मध्ये हांगझोऊला ई-स्पोर्ट्सची पदकं अधिकृत झाली, पण ब्लिझार्ड आणि तिच्या चिनी भागीदार कंपनीचा करार संपल्याने हार्थस्टोन त्या यादीतून गळालं. म्हणजे या खेळावर आयुष्य लावा असं मी म्हणत नाही. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर मोबाइल बाजूला ठेवा. पण जो वेळ तुम्ही खेळायला देताच आहात, तो डोकं लावून द्या.

खामगावला किंवा शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला जाणाऱ्या दादा-ताईंना माझी विनंती आहे. सुट्टीत गावी आलात की लहान पोरांना नुसता तुमचा डेक दाखवून पुढच्या डावाला लागू नका. त्यांच्याजवळ बसा. नक्कल करणारं पान त्यांनी टाकायला बोट उचललं की विचारा, "कोणाची करतोस? आणि आत्ताच का?" उत्तर नीट आलं तर टाकू द्या. नाही आलं तर पाळी संपवायला सांगा आणि पान हातात राहू द्या.